गट पाच जणांचा, काम एकीचं

प्रकल्पाच्या फाइलीवर पाच नावं असतात. सगळ्यात वर जिचं अक्षर सुंदर तिचं, कारण मुखपृष्ठ तिने लिहिलेलं असतं आणि बहुधा आतली सगळी पानंही. दुसरं नाव ज्याच्या घरी प्रिंटर आहे त्याचं. तिसरं, सगळ्यांकडून पैसे गोळा करून स्पायरल बाइंडिंग करून आणणाऱ्याचं. चौथ्याने वर्गापुढे उभं राहून बोलायचं काम घेतलेलं असतं, कारण त्याला फाडफाड इंग्रजी येतं. पाचवं नाव रोल नंबरच्या ओघात येऊन पडलेलं. तुमच्या गटाचा विषय काय, असं त्याला विचारलं तर तो आधी फाइलीच्या कव्हराकडे बघतो. पाचही जणांना वीसपैकी अठरा.

जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईतल्या कुठल्याही माध्यमिक शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात डोकावलं तर थोड्याफार फरकाने हेच दिसतं. इंजिनिअरिंगची मुलं याला मिनी प्रोजेक्ट म्हणतात; सबमिशन अंगावर आलं की लॅमिंग्टन रोडची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं असतातच मदतीला. शाळकरी मुलं स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीवाल्याकडे जातात. तिथे ‘जलप्रदूषण’, ‘वाहतुकीची साधने’, ‘थोर समाजसुधारक’ असे छापील चित्रांचे तक्ते टांगलेले असतात; आणायचे, कापायचे, चिकटवायचे. हल्ली तर त्या सुंदर अक्षरवालीलाही फारसे कष्ट पडत नाहीत, मजकूर चॅटजीपीटी देतं.

मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते, त्यामुळे अशा फाइलींचे ढिगारे उपसणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. मुलांनी एकत्र बसून शिकण्याला माझा विरोध नाही. ते मला हवंच आहे, आणि सध्या होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त हवं आहे. विरोध आहे तो पाच नावांपुढे एकच आकडा टाकण्याला आणि ते काम वर्गाबाहेर, मुलांच्या घरी ढकलून मोकळं होण्याला. शिकावं गटात, गुण मात्र ज्याचे त्याने मिळवावेत. एवढं साधं म्हणणं मांडायला लेख कशाला, असं कोणी विचारेल. पण गेली काही वर्षं शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात सहयोगी अध्ययनाचा, म्हणजे गटात मिळून शिकण्याचा, गजर चालू आहे आणि त्या गजरात नेमकं हेच ऐकू येईनासं झालंय.

गजर तसा जुना आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कृतीतून, शोधातून शिकणं कायद्याच्या भाषेत आणलं. महाराष्ट्रात २०१५ पासून ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, साताऱ्याजवळच्या कुमठे बीटातले (म्हणजे तिथल्या शाळांच्या समूहातले) ज्ञानरचनावादी, मुलं करून बघत स्वतःच शिकतात असे, वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या. मग २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. त्यात प्रगतिपत्रक कसं असावं हे सांगताना गटकार्य, प्रकल्प, भूमिकाभिनय अशी यादी दिली आहे, आणि मुलांनी स्वतःचं व एकमेकांचं मूल्यमापन करावं असंही म्हटलं आहे. कागदावर यातलं काहीच चुकीचं नाही. कुमठ्यात मुलं जमिनीवर गोल करून बसली, तेव्हा त्यांच्यापुढे काम होतं आणि बाई त्यांच्यात बसल्या होत्या. मुंबईपर्यंत येता येता त्यातलं काम आणि बाई दोन्ही गळून पडलं आणि गोल तेवढा उरला.

गटात माणूस कसा वागतो हे काही आज कळलेलं नाही. मॅक्स रिंगलमन नावाच्या एका फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. त्याचे आकडे १९१३ साली छापून आले. एकट्याने ओढताना माणूस जितका जोर लावतो, त्याच्या जेमतेम निम्मा जोर आठ जणांच्या रांगेत माणशी भरला. यातला काही भाग गोंधळाचा होता, सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही. पण १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं, तेव्हा गोंधळ वजा करूनही अंग चोरणं उरलंच. या गोष्टी सांगून लोक सहसा इथेच थांबतात, ‘बघा, गटात माणूस आळशी होतो’ म्हणून. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे असं सांगितल्यावर हे अंग चोरणं जवळपास नाहीसं झालं. म्हणजे आपलं काम कुणाला दिसणारच नसेल तर मुलगा मागे सरतो, दिसणार असेल तर पुढे येतो. आमच्या फाइलीत ते दिसण्याची सोयच नसते. एकीने केलं आणि बाकीच्यांनी नुसतं ‘मम’ म्हटलं तरी वरून पान सारखंच.

रॉबर्ट स्लाव्हिन हा गटशिक्षणाचा मोठा समर्थक. त्याने या विषयावरच्या प्रयोगांची वर्षानुवर्षं छाननी केली. त्याचा निष्कर्ष समर्थकांच्याच भाषणांतून गाळला जातो, म्हणून इथे सांगते: नुसतं ‘चला, गटात बसा आणि मिळून करा’ म्हटल्याने फारसं काही साधत नाही. साधतं ते दोन गोष्टी एकत्र आल्या तर. गटाला मिळून गाठायचं काहीतरी हवं, आणि ते गाठलं की नाही हे प्रत्येकाने एकट्याने काय शिकलं त्यावरून ठरायला हवं. त्याच्या पद्धतीत मुलं गटात तयारी करतात, मग चाचणी ज्याची त्याने द्यायची, बोलायचं नाही, बघायचं नाही. आणि कोणी मागच्यापेक्षा किती सुधारलं याची बेरीज करून गटाचं कौतुक होतं. यात हुशार मुलीला शेजारच्याला समजावून सांगण्यात रस निर्माण होतो, कारण त्याच्या वाटचं उत्तर ती लिहू शकत नाही. आमच्या फाइलीत नेमकं उलटं घडतं. तिला त्याला समजावण्यापेक्षा त्याच्याशिवाय काम उरकणं सोपं पडतं, आणि ती तेच करते. तिला दोष देता येत नाही. स्लाव्हिनच्या गटाचं कौतुक मला चालेल. टाळ्या गटाला द्या, नाव फळ्यावर लिहा, हवं तर प्रमाणपत्र द्या. गुणपत्रिकेवर जाणारा आकडा तेवढा एकट्याचा ठेवा.

आता जरा अवघड गोष्टीकडे येते, कारण आळसाचं सगळ्यांना दिसतं, हे दिसत नाही.

एलिझाबेथ कोहेन नावाच्या स्टॅनफर्डच्या समाजशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी वर्गातले गट बारकाईने पाहिले. त्यांना आढळलं की गटात कोण किती बोलणार हे विषय सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. ज्या मुलाची वर्गात पत आहे तो जास्त बोलतो, बाकीचे त्याच्याकडे बघून मान डोलावतात. आणि जो जास्त बोलतो तोच जास्त शिकतो. म्हणजे शिक्षकाने काही न करता गट सोडून दिला, तर आधीच पुढे असलेला आणखी पुढे जातो. गटात सगळे समान असतात ही आपली भाबडी समजूत.

मुंबईत ही पत कशाने ठरते? अकरावीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या वर्गात बघा. मराठी माध्यमातून आलेली, महापालिका शाळेतून आलेली, कॉन्व्हेंटमधून आलेली, अशी सगळी मुलं एका तुकडीत. महापालिकाच आठ माध्यमांतून शाळा चालवते, त्यामुळे हिंदी, उर्दू, गुजराती माध्यमातली मुलंही असतात. गट पाडला की पाच मिनिटांत वाटणी होते. इंग्रजी बोलणारा मुलगा ‘प्रेझेंट’ करणार. मुली लिहिणार आणि सजावट करणार. आणि दहावीपर्यंत भूगोलात पहिला येणारा, मराठीत विषय पाणी करून प्यालेला मुलगा झेरॉक्स काढायला खाली जाणार. त्याला कोणी हाकललेलं नसतं. तो स्वतःच उठतो. झेरॉक्सला तरी इंग्रजी लागत नाही. आडनाव, राहण्याचं ठिकाण, पायातले बूट, यांचाही हिशेब कुठेतरी चालू असतो. मुलांना तो मांडता येत नाही, पण करता येतो. वर्षभर असे चार प्रकल्प झाले की हा मुलगा लिंबूटिंबू म्हणून पक्का होतो. आणि आम्ही त्याच्या प्रगतिपत्रकावर ‘समूहात मिसळतो’ असं लिहितो.

सहाध्यायी मूल्यमापनाची मला भीती वाटते ती याच कारणाने. मुलांनी एकमेकांना गुण द्यायचे म्हटलं की एकतर सगळे सगळ्यांना पैकीच्या पैकी देतात, किंवा जुनी भांडणं गुणांत उतरतात. झेरॉक्सला गेलेल्या मुलाला त्याचा गट किती गुण देईल? कामापुरतं विचाराल तर शून्य, आणि त्यांचं चूकही नसेल. कामाची वाटणी चुकली होती, तिचे गुण कुणाला द्यायचे?

आणि हे काम होतं कुठे? हा प्रश्न शैक्षणिक धोरणं लिहिणाऱ्यांना कधी पडत नाही, कारण त्यांच्या घरी हॉल असतो. ‘पुढच्या सोमवारपर्यंत गटाने प्रकल्प करून आणा’ हे वाक्य बोलायला दोन सेकंद लागतात. मग मुलांचा व्हॉट्सअॅप ग्रुप बनतो आणि त्यात पहिला मेसेज येतो: कुणाच्या घरी? बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. आजी खाटेवर पडलेली, धाकटा भाऊ टीव्हीपुढे, आई कामावरून येऊन स्वयंपाकाला लागलेली. तिथे चार मित्र आणून कुठे बसवायचे? मग ज्याच्या घरी जागा असते त्याच्याकडे जमायचं ठरतं. विरार किंवा बदलापूरच्या मुलीला तिथे जायला आणि परत यायला गर्दीच्या वेळेची लोकल. मुलाच्या घरी जायला तिच्या घरून परवानगी नाही, हे ती ग्रुपवर लिहीत नाही. ‘मला बरं नाही’ असं लिहिते. एकजण कॉलेज सुटल्यावर काकांच्या दुकानात बसतो. शेवटी जागावाल्याच्या घरी दोघं जमतात, त्याची आई पोहे करते आणि तीच थोडं टायपिंगही करून देते. या शहरात रात्रशाळा आहेत, दिवसभर काम करून संध्याकाळी शिकणारी मुलं आहेत. त्यांना गृहपाठ म्हणून गटकाम देणं म्हणजे, तुमच्याकडे नसलेल्या दोन गोष्टी, वेळ आणि जागा, घेऊन या, असं सांगणं. घरून करून आणलेल्या गटप्रकल्पात बरेचदा मोजला जातो तो घराचा चटईक्षेत्र निर्देशांक.

गटकाम वर्गातच व्हावं, तासाला व्हावं, बाई समोर असताना व्हावं, हा माझा आग्रह इथून येतो. वर्गातला बाक तरी सगळ्यांना सारखाच मिळतो.

यावर स्टाफरूममधून लगेच आवाज येतो: मॅडम, पस्तीस मिनिटांचा तास, शंभर पोरं, स्क्रूने जमिनीला ठोकलेले बाक, आणि पोर्शन कोण संपवणार? त्यात गोंगाट झाला की प्राचार्य दारातून डोकावतात आणि वर्गावर कंट्रोल नाही असा शेरा. या मंडळींचा मला राग येत नाही. निवडणुकीची कामं, जनगणनेची कामं, ऑनलाइन माहिती भरण्याची कामं सांभाळून ते शिकवतात. शिवाय फळा-खडूने उत्तम शिकवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण हिशेब करून बघावा. पस्तीस मिनिटं मी एकटी बोलले तर शंभरातली फार तर सहा-सात मुलं तोंड उघडतात, आणि रोज तीच. मागच्या बाकांवरून कुजबुज येते आणि आम्ही ओरडतो, ‘मागे काय चाललंय?’ कित्येकदा मागे काय चाललेलं असतं, तर एक मुलगा दुसऱ्याला मी इंग्रजीत सांगितलेलं मराठीत सांगत असतो. ‘अरे, लीवर्ड साइड म्हणजे वाऱ्याच्या आडोशाची बाजू, पाऊस पडत नाही ती.’ वर्गातलं सर्वांत खरं गटशिक्षण ते असतं आणि त्यालाच आम्ही गप्प करतो. शिक्षण-संशोधक नोरीन वेब यांच्या अभ्यासांतूनही हेच दिसलं आहे: जो समजावून सांगतो त्याचा फायदा होतो, ज्याला नुसतं उत्तर मिळतं, कारण मिळत नाही, त्याला फारसं काही मिळत नाही.

ही कुजबुज अधिकृत करायला बाक हलवावे लागत नाहीत. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझुर यांनी १९९१ च्या सुमाराला भल्यामोठ्या लेक्चर हॉलमध्ये एक पद्धत रुळवली, ती आमच्या शंभराच्या तुकडीला अगदी बेतून शिवल्यासारखी बसते. प्रश्न विचारायचा, पर्याय द्यायचे. आधी प्रत्येकाने एकट्याने ठरवायचं. मग शेजाऱ्याशी वाद घालायचा. मग पुन्हा एकट्याने उत्तर द्यायचं. मी विचारते: मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर, सावली पायाखाली, असं वर्षातून किती वेळा होतं? कधीच नाही, एकदा, दोनदा, की रोज दुपारी बारा वाजता? बोटं छातीशी धरून दाखवायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाहीत. चार बोटांचं पीक येतं. रोज बारा वाजता, हे तर लहानपणापासून ऐकलेलं. मग दोन मिनिटं वर्ग नुसता घोंघावतो. कुणीतरी कर्कवृत्त काढतं. कुणीतरी म्हणतं, अरे मुंबई १९ अंशावर, सूर्य साडेतेवीसपर्यंत जातो, म्हणजे जाताना एकदा आणि येताना एकदा. दुसऱ्या वेळी बोटं मोजली की तीन बोटांच्या, म्हणजे ‘दोनदा’च्या बाजूला वर्ग सरकलेला असतो. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला, मी सांगते. जुलैतला दिवस ढगांमुळे बहुतेक वेळा दिसत नाही. एवढ्याला आठ मिनिटं पुरतात. प्राचार्यांना गोंगाट ऐकू येतो, हे मान्य.

यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पहिलं पाऊल, एकट्याने आधी ठरवण्याचं. ते गाळलं की हुशार मुलगा उत्तर सांगतो आणि बाकीचे मम म्हणतात. प्रत्येकाच्या पदरात आधी स्वतःचं एक मत, चुकीचं का असेना, पडलं पाहिजे, तरच शेजाऱ्याशी बोलण्यासारखं काही असतं.

मोठ्या कामाला चौघांचा गट हवा, तर काम असं हवं की ते एकट्याच्याने होणारच नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट अरॉनसन यांनी १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या शाळांत हे करून दाखवलं. तिथे गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि वर्गात मारामाऱ्या चालल्या होत्या. अरॉनसनने धडा तुकड्यांत वाटला, प्रत्येकाच्या हातात एकच तुकडा. ज्याला कालपर्यंत हिणवलं त्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होत नव्हता. राज्यनिर्मितीवरच्या तासाला मी हे वापरते. एकाला राज्य पुनर्रचना आयोगाचं पान: १९५३ ची नेमणूक, १९५५ चा अहवाल, मुंबई द्विभाषिक ठेवण्याची आणि विदर्भ वेगळा करण्याची शिफारस. दुसरीला २१ नोव्हेंबर १९५५, फ्लोरा फाउंटनचा मोर्चा आणि गोळीबार. तिसऱ्याला केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांचा १९५६ चा राजीनामा आणि मुंबई केंद्रशासित करण्याचा घाट. चौथीला १ नोव्हेंबर १९५६ चं सौराष्ट्र-कच्छपासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंतचं विशाल द्विभाषिक आणि १९५७ ची निवडणूक. एकच पान हाती आलेले आधी एकत्र बसतात, शंका फेडून घेतात, मग आपापल्या गटात परततात. प्रश्न एकच: एवढं मोठं जोडलेलं राज्य १९६० मध्ये का मोडावं लागलं? एका पानाच्या जोरावर उत्तर येतच नाही. पानं मी मराठीत देते, आणि मग झेरॉक्सला जाणारा मुलगा बोलायला लागतो. त्याचे आजोबा गिरणीत होते, मोर्चाच्या गोष्टी त्याने घरात ऐकलेल्या असतात. कोहेनबाई म्हणत असत की शिक्षकाने अशा मुलाचं नेमकं कौशल्य सगळ्यांसमोर, खरं असेल तेच, बोलून दाखवावं. मी तेवढं करते. शेवटची दहा मिनिटं पानं मिटायची आणि प्रत्येकाने उत्तर स्वतः लिहायचं. याला जोडतास लागतो. वेळापत्रक करणाऱ्या सहकाऱ्याला चहा पाजावा लागतो.

पावसाळ्यात आणखी एक करते. आमची मुलं विरारपासून कुलाब्यापर्यंत आणि तिकडे मानखुर्दपर्यंत पसरलेली असतात; एरवी जो त्रास, तोच इथे कामाला येतो. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली कापायची, इमारतीच्या गच्चीवर विटांमध्ये धरून ठेवायची, हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठला पट्टीने मिलिमीटर मोजायचे. (कावळे आणि सोसायटीचे सेक्रेटरी हे या प्रयोगाचे दोन मोठे शत्रू.) आकडे फळ्यावर येतात तेव्हा बोरिवली आणि भायखळा यांच्यातला फरक बघून मुलं चक्रावतात. मग मी २६ जुलै २००५ चे आकडे लिहिते: सांताक्रूझ ९४४ मिलिमीटर, कुलाबा ७३. तोवर त्यांना ते ऐकीव राहिलेलं नसतं. एकट्या मुलाला हे आकडे जमवता आलेच नसते, म्हणून इथे गट हवा. समपर्जन्य रेषांचा, म्हणजे सारखा पाऊस पडलेली ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा मात्र प्रत्येकाने आपला काढायचा. आकडे सगळ्यांचे, नकाशा ज्याचा त्याचा.

‘पण ऑफिसात तर टीममध्येच काम करावं लागतं, मुलांना सवय नको का?’ हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. ऑफिसात पगार टीमच्या नावाने होत नाही, माणसाच्या नावाने होतो. काम न करणाऱ्याला जाब विचारायला वर साहेब असतो. सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात असा कोणताच अधिकार नसतो. ती फक्त जास्त काम करू शकते किंवा मैत्री तोडू शकते. सांघिक कामाचं उदाहरण म्हणून ज्यांचं नाव प्रत्येक भाषणात येतं त्या डबेवाल्यांचंच बघा. डब्यावर खूण असते, कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. आणि प्रत्येकाची गिऱ्हाइकं ठरलेली असतात. डबा चुकला तर कोणाचा चुकला हे लगेच कळतं. आमच्या प्रकल्पाच्या फाइलीवर अशी खूणच नाही.

मग गटाला गुण द्यायची पद्धत टिकून का आहे? त्याचं खरं कारण प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत सापडणार नाही. शंभर मुलांचे शंभर प्रकल्प तपासावे लागतात. पाच-पाचचे गट केले की वीस फाइली. गटकामाची आवड आम्हा शिक्षकांना लागली ती पुष्कळदा या भागाकारामुळे. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेलने मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवून घेतलं, ते तिकडे इंग्लंडात गाजलं, कारण थोड्या पैशात पुष्कळ मुलं शिकवता येत होती. मुलांनी मुलांना शिकवण्याच्या कल्पनेला काटकसरीचा हा मोह तेव्हापासून चिकटलेला आहे.

दुसरं कारण अंतर्गत गुणांचं. शाळेनेच द्यायचे ते वीस गुण निकालाला हात देतात हे सगळ्यांना माहीत आहे. २०१९ च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद केले, तेव्हा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, त्यामुळे सगळं खापर गुणांवर फोडता येणार नाही. पण ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. अशा गुणांच्या गोठ्यात गटप्रकल्प नेऊन बांधला की त्याचं काम शिकवणं उरत नाही, गुण दिल्याचा पुरावा होणं एवढंच उरतं. तपासणीला कोणी आलं तर दाखवायला फाइल हवी, म्हणून फाइल.

म्हणून माझी मंडळाकडे आणि शाळांकडे मागणी साधी आहे. प्रकल्प गटाने करू द्या, पण वेळापत्रकात त्याला जोडतास द्या आणि तो वर्गातच संपू द्या. घरून काही आणायचं असेल तर ते एकट्याने आणण्याजोगं असावं, बाटलीतल्या पावसाच्या आकड्यासारखं. फाइलीला गुण नकोत. फाइल जमा झाली की त्याच दिवशी वर्गात प्रत्येकाला त्या प्रकल्पावरचा एकेक प्रश्न द्या, मराठी, हिंदी, इंग्रजी, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत त्याने अर्धं पान लिहावं, आणि वीसपैकी गुण त्या अर्ध्या पानाला द्या. प्रश्न गटागटाला वेगळा, म्हणजे कुजबुजून भागणार नाही. तोंडी घेता आली तर उत्तमच, पण शंभर मुलांची तोंडी घ्यायला वेळ कुठून आणायचा हे मलाही माहीत आहे, म्हणून तो हट्ट धरत नाही.

शंभर अर्धी पानं तपासणार कोण, असं स्टाफरूममधून येईलच. मी तपासते. एखाद-दोन संध्याकाळी जातात. वीस फाइलींनाही तेवढ्याच लागतील, त्या उघडून वाचल्या तर.